नमुन्याची फ्रेम

"अशी नाही हो, पक्कड आडवी धरा. खिळा वाकवायचा नसतो, उपटायचा असतो. दात काढतात तसा."

संग्रहालयाच्या बाईंनी पक्कड आडवी धरली. दुकानाच्या टेबलावर जुनी चादर पसरली होती आणि तिच्यावर फ्रेम पालथी पडली होती. काचकाकू शेजारच्या स्टुलावर बसून हुकूम सोडत होत्या. खरं तर पक्कड त्यांच्या मुलाच्या हातात असायची, दुकान आता त्याचं. पण बाईंनी पांढरे हातमोजे घातले होते, आणि चित्राला दुसऱ्या कुणाचा हात लागायचा नाही असा त्यांच्याकडचा कायदा होता. तेव्हा मुलगा आपल्याच दुकानात पाहुण्यासारखा कोपऱ्यात उभा.

पहिला खिळा निघाला, दुसरा निघाला. मागचा पुठ्ठा सैल झाला. बाईंनी तो उचलला आणि पेनाएवढ्या बॅटरीचा उजेड फ्रेमच्या आतल्या कडेवर टाकला.

"काकू, ही फ्रेम खूपदा उघडलीय का?"

"कशावरून?"

"हे बघा ना. खिळ्यांची भोकं. एकाला लागून एक. लाकडाची पार चाळण झालीय."

काकूंनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि वाकून पाहिलं. चाळणच होती. फ्रेमच्या दुकानात जन्म काढलेल्या बाईला त्याचा अर्थ कुणी सांगावा लागत नाही. फ्रेम एकदा ठोकली की ठोकली. मागून कागद चिकटवला की ती पुन्हा उघडायची ती फक्त काच फुटली तर. आणि ह्या फ्रेमची काच कधीच फुटली नव्हती. ती रोज पुसणारा हात काकूंचाच होता.

मनात पाल चुकचुकली. पण जीभ आधी धावली. ती नेहमीच धावायची.

"वाळवी," काकू म्हणाल्या. "भयंकर वाळवी होती हो एके काळी. ह्यांनी उघडून उघडून औषध मारलं. शेजारच्या वकिलाची तर अख्खी खुर्ची खाल्ली वाळवीनं. वकील नुसता सवयीनं बसलेला होता."

बाई खुदकन हसल्या. मुलगा हसला नाही. आईच्या थापा ऐकतच तो मोठा झाला होता, त्यामुळे त्याला हसू फुटेनासं झालं होतं.

काच बाजूला झाली. पेन्सिलीनं काढलेला एका तरुण मुलीचा चेहरा. मान जराशी वळलेली, मागून कुणी हाक मारावी तशी. आणि डोक्यावरून, ह्या कानापासून त्या कानापर्यंत, केसांत एक चपटा पट्टा, जसं काही वरून कुणी दोरी आवळून ठेवली होती. काकूंना तो पट्टा कायम चित्रकाराची चूक वाटत आला होता. एवढे सुंदर केस काढले आणि मधेच गाढवानं हात आपटला.

काकू लग्न होऊन आल्या तेव्हापासून ते चित्र गल्ल्यामागच्या भिंतीवर होतं. गिऱ्हाईक आलं की काकूंचे यजमान, मिस्त्री, तिकडं बोट दाखवायचे. ही पट्टी बघा, हा काठ बघा, असं करून देतो. कुणी चित्रच मागितलं तर म्हणायचे, "नमुना आहे, विकायचा नाही." काकूंनी नवेपणी विचारलं होतं, ही कोण?

"कुणी नाही गं. चित्रकार लोक हात साफ करायला काढतात असले चेहरे. कुणीतरी फ्रेमला टाकून गेला, न्यायला आलाच नाही."

काकूंनी ऐकलं आणि कापड घेऊन काच पुसायला लागल्या. त्या पुढं जन्मभर पुसत राहिल्या. मिस्त्री तसे बिचारे साधे. भाजी खारट झाली तरी गप जेवायचे, सदऱ्याचा डाग निघाला नाही तरी तोच घालून जायचे. फक्त त्या काचेबद्दल म्हणायचे, "खालच्या कडेला जरा धूळ राहिलीय बघ."

मिस्त्री गेले, चित्र भिंतीवर राहिलं. मग एक दिवस ह्या बाई संग्रहालयाचं काहीतरी काम घेऊन दुकानात आल्या आणि गल्ल्यासमोर तोंड उघडं टाकून उभ्या राहिल्या. कोपऱ्यात दोन अक्षरं होती. ती अक्षरं ज्या माणसाची, तो तरुणपणी ह्याच गल्लीत एका खोलीत भाड्यानं राहायचा. लांबच्या लांब, किडकिडीत, लोक त्याला शिडी म्हणायचे. आता त्याची चित्रं बघायला रांगा लागतात. आणि त्यानं पुढं आयुष्यात माणसाचा चेहरा म्हणून काढला नाही. तेव्हा हा चेहरा म्हणजे घबाडच.

मुलानं चित्र संग्रहालयाला फुकट द्यायचं कबूल केलं. अट एकच. चित्राखाली पाटी लागेल, तिच्यावर वडिलांचं नाव हवं. बाई म्हणाल्या, आनंदानं लावू. पण आधी हे चित्र कुणाच्या हातातून कुणाच्या हातात गेलं, ते सगळं जुळलं पाहिजे. मधे एक जरी कडी तुटली तरी आम्हाला घेता येत नाही.

आणि कडी नेमकी पहिलीच तुटलेली होती.

*

"त्या चित्रकाराचा पुतण्या म्हणतो, माझ्या काकानं चित्र फ्रेमला दिलं आणि मिस्त्रीनं दाबून ठेवलं," मुलगा त्या संध्याकाळी चहाचा कप खाली ठेवत म्हणाला. "सरळ चोर म्हणतो, आई. चारचौघांत."

"जिवंतपणी काकाला दोन वेळचं जेवण घातलं का त्यानं, विचार," काकू म्हणाल्या. "आता बरी आठवण आली."

"तो कसा का असेना," सून म्हणाली. "पण बाबांना ते दिलं कुणी, हे सांगणारं कुणी नको का? म्हणजे मग तो आपोआप गप बसेल."

"आई, तुला काहीच आठवत नाही?"

"मला सगळं आठवतं. जे झालंच नाही ते तर जास्त आठवतं."

"आत्ता थट्टा नको गं." मुलाचा आवाज बसला होता. "जन्मभर दुसऱ्यांच्या चित्रांना चौकटी घातल्या त्या माणसानं. एकदा तरी त्याचं नाव भिंतीवर लागू दे. आणि नाहीतर निदान चोर म्हणून तरी लागू नये."

काकूंनी मान डोलावली. त्यांनाही तेच हवं होतं. मिस्त्रींना नावं ठेवायची तर ती काकूंनी ठेवावीत. परक्याचं काम नव्हतं ते.

पण भांडी विसळताना ती चाळण डोळ्यांपुढून हलेना. न नेलेल्या चित्रांचा दुकानात एक नियम होता. वर्षभर वाट बघायची. मग काच दुसऱ्याला, पट्टी कापून लहान फ्रेमला आणि चित्र कुणाच्या तरी फोटोमागं पुठ्ठा म्हणून. गावातल्या निम्म्या घरांत आजोबांच्या पाठीशी भलत्याच कुणाची तरी आजी उभी होती, कुणाला पत्ता नव्हता. मिस्त्रींनी हा नियम सख्ख्या मेव्हण्यालाही माफ केला नव्हता. काकूंच्या भावाचा सायकलीवरचा फोटो कुठल्याशा डॉक्टरच्या सर्टिफिकेटमागं गेला तो गेलाच.

नियमातून सुटलं ते एकच चित्र.

आणि काकूंच्या लग्नाचा फोटो कपाटात, पाकिटात. फ्रेमवाल्याच्या घरातला बिनफ्रेमचा एकमेव फोटो. "उद्या करू," म्हणायचे. काकू हसून सगळ्यांना सांगायच्या, आमचे हे इतके कामात की मला भिंतीवर टांगायलासुद्धा वेळ नाही. लोक हसायचे. काकूंनी ते इतक्यांदा सांगितलं होतं की त्यांना स्वतःलाही तो विनोदच वाटायला लागला होता.

*

पुढच्या आठवड्यात बाईंचा फोन आला. आवाज नुसता उड्या मारत होता.

"काकू, चित्रातली मुलगी सापडली! चित्रकारांच्या एका जुन्या मित्रानं ओळखलं. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. केसांतला तो पट्टा आठवतो? हेडफोनची खूण आहे ती. दिवसभर डोक्यावर असायचा ना."

"म्हणजे चूक नव्हती," काकू म्हणाल्या.

"काय?"

"काही नाही. जिवंत आहे?"

"एकट्याच राहतात. लग्न नाही केलं. तिथं सगळे त्यांना हॅलोबाई म्हणतात. उद्या चलता माझ्याबरोबर? तुमच्या दुकानाचं काही निघालं तर तुम्ही असलेल्या बऱ्या."

जिना चढताना काकूंना धाप लागली. त्यांनी ती गुडघ्यांच्या नावावर खपवली. दार उघडंच होतं. आत एक वाळकी, ताठ बाई खिडकीकडे तोंड करून खुर्चीत बसली होती. बाईंनी दारावर टकटक केलं आणि तिनं मान वळवली.

काकू उंबऱ्यातच थांबल्या. केस पांढरे झाले होते, गाल बसले होते. पण ती मान त्यांनी हजारदा पुसली होती.

"या ना," हॅलोबाई म्हणाल्या. आवाज गोड, स्वच्छ, धुऊन वाळत घातल्यासारखा. "तुम्ही मिस्त्रींच्या मिसेस."

"तुम्हाला कसं कळलं?"

हॅलोबाई उठल्या. चहा आधीच करून ठेवला होता, तो गाळला.

बाईंनी चित्राचा फोटो पुढं केला. हॅलोबाईंनी तो हातात घेतला, बघितला, आणि उलटा करून मांडीवर ठेवला. हो, मीच. घरच्या गॅलरीत बसले होते. त्यानं अर्ध्या तासात काढलं आणि मला देऊन टाकलं. त्याच्याकडे खोलीचं भाडं नसायचं, पण द्यायचा हात मोठा होता.

"म्हणजे चित्र तुमच्या मालकीचं झालं!" बाईंना बसवेना. "पुतण्याचा प्रश्नच मिटला. आता फक्त तुमच्याकडून ते पुढं कुणाकडे गेलं, एवढं लिहून सही द्या. अरे देवा, कागद खालीच राहिले गाडीत. आलेच."

जिन्यावर चपला वाजत गेल्या. खोलीत दोघीच उरल्या. काकूंनी चहात नसलेली साय बोटानं बाजूला केली.

"तुम्ही ते फ्रेमला दिलं होतं ना?" काकूंनी विचारलं.

"नाही."

"मग?"

"दिलं होतं, एवढंच." हॅलोबाईंनी कप खाली ठेवला. "तुमच्या लग्नाच्या आधी. त्यांच्या घरी माझं जमण्यासारखं नव्हतं. मी म्हटलं, मला तर नेता येणार नाही तुम्हाला, हे घेऊन जा."

खाली गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला.

"आणि नंतर?"

"नंतर काही नाही. देवाशपथ काही नाही. भेटलोसुद्धा नाही कधी. फक्त ते दुकानातून फोन उचलायचे. तेव्हा नंबर ऑपरेटरला सांगावा लागायचा. मी विचारायची, नंबर काय? ते सांगायचेच नाहीत. मग थोड्या वेळानं मी लाईन काढून घ्यायची."

काकूंना फ्रेमची ती चाळण आठवली, आणि मग दुकानातला तो काळा फोन. मिस्त्री कानाला लावून उभे. काय हो, लागत नाही का? नाही गं, लागत नाही. आणि काकूंनी गल्लीभर सांगितलेलं, आमच्या दुकानातला फोन म्हणजे नुसती शोभा, आत माणूसच बसवलेला नाही.

"किती वर्षं?"

"फोन ऑटोमॅटिक होईपर्यंत."

ह्या एका बाबतीत त्यांच्याकडे थाप तयार नव्हती.

"मी काय सांगू, ते तुम्ही ठरवा," हॅलोबाई हळूच म्हणाल्या. "मिस्त्रींना भेट दिलं म्हणून सांगते. म्हणजे त्यांच्यावर आळ राहणार नाही. पण मग लोक विचारतील, का दिलं. नाहीतर म्हणते, फ्रेमला टाकलं आणि न्यायचं राहिलं."

"मग ते दाबून ठेवलं असं होईल."

"हो. तसं होईल."

"म्हणजे माझा नवरा एक तर चोर," काकू म्हणाल्या, "नाहीतर तुमचा."

हॅलोबाईंनी खिडकीकडे पाहिलं. "तुम्ही म्हणाल ते सांगेन. माझं आता काय राहिलंय. फक्त त्यांचं नाव लागू दे. ते माझ्याजवळ असावं, माझ्याशेजारी, असं... म्हणजे चित्राशेजारी. ह्या बाई फोनवर म्हणाल्या, तुमचा मुलगाही तेच म्हणतो ना?"

इतका वेळ काकूंना ह्या बाईची कीव येत होती, आणि कीव येते म्हणून स्वतःचा रागही येत होता. ती कीव इथं संपली. दोघांची नावं शेजारी शेजारी, काचेखाली, दिव्याखाली. आणि ती काच पुसायला संग्रहालयात माणसं असतील.

चपला पुन्हा जिन्यावर वाजल्या. बाई धापा टाकत आत आल्या, टेबलावर कागद पसरला, पेनाचं टोपण दातांनी काढलं.

"हं, सांगा. चित्र तुम्ही कुणाला दिलंत?"

हॅलोबाईंनी काकूंकडे पाहिलं.

"मला," काकू म्हणाल्या.

पेन थांबलं. "तुम्हाला?"

"नाहीतर कुणाला? लग्नाची भेट होती ती माझ्या." काकू खुर्चीत ऐसपैस मागं रेलल्या. "आत्ता हिला बघितलं आणि सगळं लख्ख आठवलं बघा. अहो, ही माझी मैत्रीण! एकदम जिवाची. मी गल्लीत नवीन, कुणाशी ओळख नाही, दिवसभर दुकानाच्या मागच्या खोलीत रडत बसायची. एक दिवस ही एक्स्चेंजमधून येताना काच बसवायला म्हणून आली आणि मला बघितलं. कुठं दुखतंय का, म्हणाली. मी म्हटलं, सगळीकडेच. तेव्हापासून आम्ही दोघी एका ताटात. हिचा हेडफोन मी डोक्यावर घालून बघितलाय. तुला आठवतं ना गं?"

हॅलोबाईंच्या हातातला फोटो मांडीवरून घसरला. बाईंनी तो अलगद उचलून ठेवला.

"आणि लग्नाची भेट?"

"लग्न हुकलं म्हणून मागाहून दिली. अहो, हिच्याकडे द्यायला दुसरं होतंच काय? म्हणाली, मला कुणी बघत नाही, तू तरी रोज बघ. तेच तर केलं मी. ही जगात एकटी, म्हणून तिला दुकानात टांगली, म्हणजे चार माणसं तरी दिसतील तिला येता-जाता."

"किती गोड," बाई म्हणाल्या आणि भराभर लिहायला लागल्या. मग मान वर केली. "पण तुमचा मुलगा म्हणत होता, ते वडिलांचं..."

"मुलांना काय कळतं? दुकानातलं सगळं बापाचं, असं वाटतं त्यांना."

"म्हणजे मिस्त्रींचा ह्यात काही..."

"त्यांनी फ्रेम केली," काकू म्हणाल्या. "चांगली केली. पण फ्रेमवाल्याचं नाव कुणी लिहितं का? तुमच्या संग्रहालयात एवढ्या फ्रेमा आहेत. एकाचं तरी आहे?"

बाईंनी क्षणभर विचार केला. नव्हतं.

"बरोबर आहे ना, ताई?" त्यांनी हॅलोबाईंना विचारलं. "असंच झालं होतं?"

काकूही वळून बघत होत्या, चेहऱ्यावर जुन्या मैत्रिणीचं हसू.

"बरोबर," हॅलोबाई म्हणाल्या. गोड, स्वच्छ आवाजात. जन्मभर त्यांनी दुसऱ्यांचं बोलणं जोडून दिलं होतं, आणि मधे कधी स्वतः बोलल्या नव्हत्या.

बाईंनी लिहिलेलं वाचून दाखवलं. चित्रकाराकडून चित्रातल्या बाईंना. त्यांच्याकडून, लग्नाची भेट म्हणून, त्यांच्या मैत्रिणीला. मैत्रिणीकडून संग्रहालयाला. "एकही कडी तुटलेली नाही, काकू! पुतण्याला आता काही बोलताच येणार नाही. आणि तुमच्या मुलाला सांगा, पाटीवर आईचं नाव लागेल. मला वाटतं, त्याला आणखीच आवडेल."

"आवडेल न आवडेल," काकू म्हणाल्या. "त्याचं मी बघते."

सह्या झाल्या. हॅलोबाईंचं अक्षर सरळ, एका रेषेत. काकूंनी आपलं नाव मोठं काढलं, ते ठरलेली चौकट सोडून जरा बाहेरच गेलं.

बाई कागद छातीशी धरून पुढं झाल्या. काकू कठड्याला धरून पहिली पायरी उतरल्या, तेवढ्यात मागून आवाज आला.

"ऐका ना."

काकू थांबल्या. दारात हॅलोबाई उभ्या होत्या. फोटो अजून हातात होता.

"म्हणजे आता त्यांचं नाव कुठंच येणार नाही?"

काकूंनी मान वळवली. खूप मायेनं, जुनी मैत्रीण बघते तशी वर बघितलं.

"कुणाचं गं?" त्या म्हणाल्या.